एक चष्मा जास्त

१

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे मोजत बसते त्याचं कोणाला नवल वाटायचं नाही. पेशंटचं पोट बंद करण्याआधी कात्र्या, चिमटे, सुया, गॉजच्या घड्या सगळं मोजायचं आणि मोजणी जुळली की सर्जनना सांगायचं, "बरोबर आहे, घाला टाके." सगळी नोकरी मी हेच वाक्य म्हणत काढली. सर्जन कितीही मोठा असो, कितीही तापट असो, माझं वाक्य ऐकल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नसे. घरी मात्र माझं कोणी ऐकत नसे, कारण घरी मास्तर होते.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलं त्यांना मास्तर म्हणायची, मग सगळी गल्ली म्हणायला लागली, आणि मीही. अर्थात मनातल्या मनात. तोंडावर 'अहो'. माणूस लाखात एक, पण विसरभोळेपणात कोणाला हार जाणार नाही. छत्री, रुमाल, किल्ल्या काय, कोणीही विसरतं. मास्तर एकदा लेकीला शाळेतून आणायला गेले आणि तिचं दप्तर तेवढं घेऊन आले. लेक शाळेच्या पायरीवर बसून होती. "तरीच म्हटलं, आज एवढी गप्प का," असं म्हणून ते परत पळाले.

म्हणून प्रवासात खोली सोडताना शेवटची नजर मी टाकायची, हा आमच्या घरचा कायदा होता. पलंगाखाली, उशीखाली, बाथरूमच्या दारामागे. तोवर मास्तर बॅगेवर गुडघा टेकवून, चेन चिमटीत धरून थांबायचे आणि सर्जनच्या थाटात विचारायचे, "सिस्टर, टाके घालू का?" मी म्हणायचे, "बरोबर आहे, घाला." विनोद आमच्या संसाराएवढा जुना. दर वेळी मला हसू यायचं आणि दर वेळी मी ते तोंड फिरवून लपवायचे.

२

दोघंही निवृत्त झाल्यावर लेकीनं आम्हाला परदेशी धाडलं. मास्तरांना मोठी हॉटेलं आवडत नाहीत. "तिथे माणसं नसतात, खोल्यांचे नंबर असतात," म्हणतात. म्हणून लेकीनं सगळीकडे छोटी घरगुती गेस्टहाउसं बघून दिली. वर झोपायला खोली, खाली सकाळचा नाश्ता आणि घरमालकांच्या गप्पा.

पहिलं घर एका आजीबाईंचं. जिना इतका अरुंद की बॅग आधी चढवायची आणि मग आपण. भिंतीला फुलाफुलांचा कागद, खिडकीत इवलीशी किटली, आणि जिथे तिथे चिठ्ठ्या चिकटवलेल्या: नळ हळू फिरवा, खिडकी डावीकडून उघडा, मांजराला पलंगावर घेऊ नका. मांजर पलंगावरच होतं. मास्तर आणि आजीबाईंना एकमेकांचं इंग्रजी अर्धंमुर्धं कळत होतं, आणि तेवढ्यावर दोघांची गट्टी जमली. नाश्त्याला मास्तरांनी कागदी नॅपकिनवर त्या मांजराचं चित्र काढलं, नेहमीच्या सवयीनं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं चहा ढवळला आणि आम्ही पुढे कुठे जाणार, कोणाकडे उतरणार, लेक काय करते, जावई कसा आहे, सगळं सांगून टाकलं.

निघताना मी नजर टाकली, मोजणी जुळली, टाके घातले. त्यानंतर मास्तर "आलोच" म्हणून पुन्हा वर गेले. तिथेच घोळ झाला. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की त्यांची तपकिरी कानटोपी राहिली.

"जाऊ दे गं," मास्तर म्हणाले. "मांजराला होईल."

३

दुसऱ्या गावातलं घर एका दाढीवाल्या गृहस्थांचं. त्यांनी दार उघडलं, तोंडभर हसले, आणि बॅगा आत यायच्या आधी आतून कानटोपी आणून मास्तरांच्या हातात दिली. धुतलेली, घडी घातलेली.

"मागच्या वेळी राहिली होती तुमची," ते म्हणाले.

आम्ही त्या गावात पहिल्यांदाच येत होतो. पण मी मुळीच घाबरले नाही. आजीबाईंना आमचा पुढचा पत्ता मास्तरांनीच दिला होता. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर त्यांनी टोपी पाठवली असेल, आणि 'मागच्या वेळी' म्हणजे 'मागच्या ठिकाणी' असेल. परक्या भाषेत माणूस काय म्हणतो आणि त्याला काय म्हणायचं असतं, यात अंतर पडतंच. मास्तर तर इतके खूश झाले की टोपी घालूनच जिना चढले.

"बघितलंस? या देशात माणूस विसरला तरी वस्तू विसरत नाहीत," ते वरून ओरडले.

दाढीवाल्यांनी चहा आणला तेव्हा मास्तरांच्या बशीत चमचा ठेवलेला नव्हता. होती एक पेन्सिल, टोक न काढलेली. मला वाटलं, आजीबाईंनी फोनवर तेही सांगितलं असेल. म्हाताऱ्या माणसांना फोनवर बोलायला विषय लागतातच.

४

तिसरं आणि शेवटचं घर एका हसऱ्या मालकीणबाईंचं होतं. घर उजेडानं भरलेलं, पायऱ्यांना नुकतंच पॉलिश केलेलं, ताज्या पावाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मालकीणबाई आम्हाला बघून टाळी वाजवून हसल्या. "आलात! थांबा, तुमची वस्तू देते." त्यांनी खणातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढला आणि मास्तरांपुढे धरला.

मास्तरांचा चष्मा मास्तरांच्या नाकावर होता.

"आमचा नाही हा," मी म्हणाले आणि हातात घेतला. घेतला आणि उजव्या काडीवरून बोट फिरवलं. मास्तरांच्या चष्म्याची उजवी काडी त्याच वर्षी मोडली होती. मी ती टाक्याच्या काळ्या रेशमी धाग्यानं बांधली होती आणि वर सर्जनची दुहेरी गाठ मारली होती. कात्री बोथट होती, म्हणून धाग्याचं एक टोक जरा लांब राहिलं होतं. या चष्म्याच्या उजव्या काडीला काळा रेशमी धागा होता. गाठ दुहेरी होती. एक टोक लांब होतं. माझी गाठ मी ओळखणार नाही? मास्तरांच्या नाकावरचा चष्मा मी ओढून काढला आणि दोन्ही शेजारी धरले. डाव्या काचेवरचा चरासुद्धा तोच.

"वा! एकावर एक फुकट," मास्तर म्हणाले.

मालकीणबाई हसल्या, मास्तर हसले, मीही हसले. दुसरा चष्मा मी माझ्या पर्समध्ये टाकला. पण थिएटरमध्ये आमच्या मोठ्या सिस्टर नव्या मुलींना एक गोष्ट शिकवायच्या, ती मला दिवसभर आठवत राहिली. त्या म्हणायच्या, मोजणी कमी भरली तर घाबरू नका, शोधा. वस्तू आतच असते. पण मोजणी जास्त भरली तर हात थांबवा. कारण मग ती वस्तू आली कुठून, हे कोणालाच माहीत नसतं.

५

निघायच्या दिवशी सकाळी मास्तर बाथरूममध्ये गुळण्या करत होते. त्यांच्या गुळण्या म्हणजे शेजारपाजाऱ्यांना गजराची गरज नाही. मी म्हटलं, तोवर खाली जाऊन टेबल धरू. वेणी घालत घालतच उतरले.

मालकीणबाई खिडकीजवळच्या टेबलावरून रिकामी बशी उचलत होत्या. "तुमच्या यजमानांचं झालं," त्या म्हणाल्या. "आज चांगली भूक होती हं. दोन अंडी मागून घेतली."

वरून गुळण्यांचा आवाज येत होता. मालकीणबाईंनाही तो ऐकू येत असणार, पण त्या हसतच होत्या.

मी खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची गरम होती. कप अर्धा भरलेला, शेजारी पेन्सिलीचा तुकडा, आणि त्याचं मागचं टोक ओलं. कागदी नॅपकिनवर चित्र होतं. खोलीचं दार, दारात एक बाई, अर्धी वेणी खांद्यावर घेतलेली, तोंडात रिबन धरलेली. चित्रातल्या बाईकडे बघताना माझ्या लक्षात आलं की माझ्या तोंडात रिबन आहे.

मी नॅपकिन घेऊन वर पळाले. मास्तर तोंड पुसत बाहेर आले.

"हे कोणी काढलं?" मी विचारलं.

त्यांनी चित्र लांब धरून बघितलं. "हात चांगला आहे. नाक जरा चुकलंय तुझं. कोणी काढलं?"

"तुम्ही. खाली बसून. आत्ता. दोन अंडीही खाल्लीत."

"मग विसरलो असेन," मास्तर म्हणाले. काय बोलणार अशा माणसापुढे! मी रडकुंडीला आलेली बघून त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "अगं, खाल्लं असेल तर पुन्हा खातो. तुझं काय जातंय? तू आंघोळ उरकून घे, मी बघून येतो कोण माझा नाश्ता खातंय ते."

आणि शीळ घालत ते जिना उतरले. चष्मा पलंगाशेजारी विसरून.

६

मी आंघोळ करून आले तर मास्तर खोलीत उभे होते. चष्मा डोळ्यांवर. बॅगा दाराशी, दोन्हींच्या चेना लावलेल्या. पलंगावरची चादर ताणून बसवलेली.

"खाली कोणी होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "टॅक्सी आलीय. सगळं मी बघितलं. पलंगाखाली, उशीखाली, बाथरूमच्या दारामागे. काही राहिलं नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी शेवटची नजर टाकली होती. सकाळच्या प्रकारानं माझं डोकं बधिर झालं होतं, खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, विमान गाठायचं होतं. मी त्यांच्या मागोमाग उतरले. टाके घालू का, हे मला कोणी विचारलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मालकीणबाई दारात हात हलवत होत्या, पण काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारख्या मधूनच वर बघत होत्या.

गल्लीच्या वळणावर टॅक्सी हळू झाली आणि मी सहज मागे बघितलं. आमच्या खोलीच्या खिडकीत कोणीतरी होतं. विस्कटलेले पांढरे केस, वाकलेली पाठ. आमच्याकडे बघत नव्हतं. हाताचा पंजा उघडा ठेवून खिडकीच्या कट्ट्यावर चाचपत होतं, हळू हळू, मांजर कुरवाळावं तसं. मास्तर रोज सकाळी चष्मा असाच शोधतात.

"अहो," मी म्हणाले.

"मी इथे आहे," शेजारून उत्तर आलं.

टॅक्सी वळली.

७

घरी आल्यावर सगळे खूश. मास्तर किल्ल्या खुंटीला लावतात, गीझर बंद करतात, दूध उतू जाऊ देत नाहीत. लेक तर म्हणाली, "आई, बाबांना तिकडचं पाणी मानवलं बघ! आणि तू अशी का सुतक पडल्यासारखी बसलीस?" भाजीवाला म्हणाला, मास्तर या महिन्यात एकदाही पिशवी विसरले नाहीत. शेजारच्या वहिनींनी आपल्या नवऱ्याला त्याच देशात पाठवायचं ठरवलं.

मी माझ्या मनाला पुष्कळ दटावलं. माणूस सुधारला तर आनंद मानावा की शंका काढावी? बरं, तो माणूस बोलायचा मास्तरांसारखा, चालायचा मास्तरांसारखा, लेकीच्या लहानपणच्या सगळ्या गोष्टी त्याला पाठ. जास्तच पाठ. ते शाळेच्या पायरीचं प्रकरण काढलं तर तो हसला नाही. "असं व्हायला नको होतं," म्हणाला. टेबलावर पेन्सिली टोकं काढून ओळीनं मांडलेल्या असायच्या आणि एकीचंही टोक झिजायचं नाही. चहा तो चमच्यानं ढवळायचा.

आमच्या जुन्या सर्जनना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खो खो हसले. "सिस्टर, नवरा सुधारला अशी तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच." जाताना मात्र म्हणाले, "वय झालं की मन खेळ करतं. तुमचंही, हं." ते खोटं नव्हतं. कदाचित बिघाड माझ्यातच असेल. माझा चांगला नवरा माझ्यासमोर बसलेला असेल आणि मीच त्याला परका करत असेन, या विचारानं मला रात्र रात्र अपराधी वाटायचं.

एकदा लेकीकडे राहायला निघालो. त्यानं बॅग भरली, चेन लावली. मी धीर करून म्हटलं, "अहो, विचारा की. टाके घालू का?"

"कशाला?" तो म्हणाला. "मोजणी बरोबरच आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला मास्तर हवे होते. दूध उतू घालवणारे, लेकीऐवजी दप्तर आणणारे. मला त्यांची इतकी आठवण येत होती की छातीत दुखायचं, आणि ती कोणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण मास्तर घरातच होते.

आणि तिथेच, नळाखाली हात धरलेला असताना, मला साधी गोष्ट सुचली. कानटोपी पहिल्या घरी राहिली, तर दुसऱ्या घरी आमच्या आधी पोचली होती. त्या घरांमध्ये जे राहतं ते हरवत नाही. पुढच्या घरी आपली वाट बघतं. फक्त आपलं पुढचं घर ठरलेलं पाहिजे. आमचं तिसरं घर शेवटचं होतं. बिचारे मास्तर जाणार कुठे?

मी त्याच दिवशी लेकीच्या मागे लागून एक गेस्टहाउस ठरवलं. "कुठे जायचंय, आई?" तिनं विचारलं.

"कुठेही चालेल गं," मी म्हणाले. "छोटं बघ, आणि खाली नाश्ता मिळायला हवा."

कितीतरी दिवसांनी मी गाणं गुणगुणत बॅग भरली.

८

हे घर रस्त्याच्या टोकाला होतं, निळ्या दाराचं. मालक तरतरीत, गालावर पिठाचा डाग. त्यांनी दार उघडलं आणि आमच्याकडे बघून तोंडभर हसले.

"या, या. मागच्या वेळी तुमचं राहिलं होतं ना..." एवढं बोलून ते माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले. माझ्या मागे तो दोन्ही बॅगा घेऊन, पायपुसण्यावर बूट पुसत उभा होता. मालकांचं हसू होतं तिथेच राहिलं, नुसतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग नाश्त्याच्या खोलीच्या बंद दाराकडे, आणि एक पाऊल बाजूला सरकले.

दारापलीकडे कपात काहीतरी ढवळलं जात होतं. चमच्याचा किणकिणाट नव्हता. लाकडाचा मऊ, बसका आवाज होता. तो थांबला. मग टेबलावर पंजा फिरल्याचा आवाज, हळू हळू, इकडून तिकडे.

मी पर्समधून चष्मा काढला. काळ्या धाग्याचं लांब टोक बोटाला लागलं.

"सिस्टर," आतून आवाज आला, "टाके घालायची फार घाई केलीत हं या वेळी."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तशात मला हसू फुटलं. या वेळी मी ते लपवलं नाही. दाराच्या मुठीला हात घातला.

तोच माझ्या मागे बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला. बॅगेवर गुडघा टेकल्याचा. चेन चिमटीत धरल्याचा.

"सिस्टर," मागून तोच आवाज म्हणाला, तशाच थट्टेनं, अगदी तशाच, "मोजणी बरोबर आहे ना?"

मी मागे वळले नाही.

"एक जास्त भरतंय," मी म्हणाले, आणि चष्मा पुढे धरून दार ढकललं.